नद्या दाखवणारी छडी

मी छडी. उभ्या आयुष्यात मला दोनच कामं लावली गेली. एक, नकाशावरच्या नद्या दाखवायचं आणि दुसरं, पोरांच्या तळहातांवर पडायचं. बोलायला कोणी सांगितलं नव्हतं. पण आता अंगाला दोन ठिकाणी चीर गेलीय आणि लाजायचं वय कधीच सरलंय. तेव्हा ऐका. मधे बोलू नका.

मी चिचगडच्या जंगलातली, भरीव जातीच्या बांबूची. इतवारी नावाचा माणूस सालेकसा तालुक्यातल्या आपल्या गावाहून तिकडे बांबूकटाईला आला होता. त्यानं अंधाऱ्या पंधरवड्यात मला तोडलं, कारण त्या पंधरवड्यात तोडलेल्या बांबूला कीड लागत नाही. साठ वर्षं होत आली, मला कीड नाही. इतवारीचं काम असं होतं.

त्या गावात पद्धत होती. शाळा उघडायच्या आधी प्रत्येक घरानं शाळेला काहीतरी द्यायचं. कोणी भुईला माती आणायचा, कोणी बादलीला दोर. इतवारीच्या वाट्याला छडी आली. त्याला तो मान वाटला. त्यानं मला निखाऱ्यावर शेकून सरळ केलं, टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल पाजलं, गाठी तासून गुळगुळीत केल्या. शेकताना एका गाठीवर काळा डाग पडला. तो अजून आहे. मग बायकोला म्हणाला, "गुरुजीच्या हाताले कूस लागाले नोको."

गुरुजींच्या हाताला कुसळ लागलं नाही, हे खरं. दुसऱ्यांच्या हातांचा विचार त्यानं केला नव्हता. त्याची पोरगी दुर्पता त्याच वर्षी चौथीत गेली होती, हेही त्याच्या डोक्यात आलं नाही.

गुरुजींचं नाव रामलाल. माणूस वाईट नव्हता, हे मी त्यांच्या मुठीत राहून सांगते. भूगोलाचं त्यांना वेड. तालुक्यातून शाळेला नकाशांची गुंडाळी आली होती, पण एका पावसाळ्यात वाळवीनं महाराष्ट्र खाल्ला, अर्धा भारत खाल्ला आणि आफ्रिका तेवढी शिल्लक ठेवली. म्हणून आमच्या शाळेतल्या पोरांना वैनगंगा कुठून निघते ते सांगता येत नसे, पण आफ्रिकेच्या नद्या सगळ्यांना तोंडपाठ. माझं टोक सरकायचं आणि वर्ग ओरडायचा, "नाईल! नायजर! काँगो! झांबेझी!" नकाशावर लाल ठिपक्यांच्या रेघा होत्या. त्या गोऱ्या साहेबांच्या प्रवासाच्या. कोण कुठून शिरला, कुठं बाहेर पडला, सालासकट. नदीकाठी राहणाऱ्या माणसांचा एक ठिपका नव्हता. काँगो समुद्राला मिळते तिथं माझ्या टोकानं कापडाला भोक पडलं, इतक्या वेळा मला तिथं टेकवलं गेलं.

त्या वर्षी तपासणीला दिपोटी साहेब आले. गुरुजींनी नवा सदरा घातला होता. त्यांनी मला काँगोवर ठेवलं आणि विचारलं, "या नदीचा शोध कोणी लावला?"

दुर्पता उभी राहिली. तिला उत्तर येत होतं, रोजच तर ओरडायची. पण त्या दिवशी तिनं उलट विचारलं, "गुरुजी, तिथं मानसं राहत नोहते काय?"

"राहत होती."

"त्याहीले नदी दिसत नोहती काय? आंधळे होते काय सारे?"

पोरं हसली. दिपोटी साहेबांनी पेन खाली ठेवलं. आता गप्प बसेल ती दुर्पता कसली! म्हणाली, "माहा बाप रोज वाघ नदीवर जाते. मंग वाघ नदी माह्या बापानं शोधली, असं लिवा ना शाळेच्या भितीवर."

साहेब म्हणाले, "मास्तर, पोरगी फार बोलते." एवढंच. पण गुरुजींचे कान लाल झाले. त्यांनी दुर्पताला पुढे बोलावलं, हात पुढे करायला लावला, आणि मी पडले. एक, दोन, तीन. चौथ्याला तिनं हात मागं घेतला नाही. पाचव्याला गुरुजींची मूठ सैल झाली, ते मला कळलं. तिला कळलं असेल असं वाटत नाही, आणि कळून तरी काय उपयोग? हात सुजायचा तो सुजलाच.

घरी बापानं हात पाहिला. त्यानं हळद लावली. दुसऱ्या दिवशीपासून दुर्पता शाळेत आली नाही, मोहफुलं वेचायला जंगलात गेली.

काय म्हणता, तुझा काय दोष, तू तर लाकूड? हे मला फार जणांनी ऐकवलंय. हत्याराला दोष नसतो म्हणणारा माणूस सहसा हत्यार धरणाराच असतो, हे माझ्या पाहण्यात आहे.

पुढं गुरुजींची बदली झाली. किती मास्तर आले आणि गेले. कोणी मला टेबलावर आपटलं, कोणी माझ्यानं पाठ खाजवली. एक मास्तर तर वर्गात झोपायचे आणि झोपेतसुद्धा मला घट्ट धरून असायचे. मग सरकारनं ठरवलं की मुलांना मारायचं नाही. चांगलं ठरवलं. मला कपाटावर टाकलं. तिथं मी झेंड्याची अडकलेली दोरी सोडवायला आणि पाली हाकलायला तेवढी खाली यायची.

आणि मग एक दिवस शाळेत खिचडी शिजवायला बाई आली. पन्नाशी ओलांडलेली, आवाज असा की कुत्रं शेपूट घालून पळावं. शेळी खिचडीच्या गंजात तोंड घालायला आली म्हणून तिनं काठी शोधली आणि कपाटावरून मला ओढलं. गाठीवरचा काळा डाग पाहिला. अंगठ्यानं चोळला. दुर्पताच होती ती.

मला वाटलं, आता चूल. मी तयार होते.

तिनं मला उलटसुलट फिरवून पाहिलं. मग म्हणाली, "बापाच्या हातची हायेस म्हनून ठेवतो." आणि मला घेऊन शेळीमागं धावली.

तेव्हापासून मी तिची.

मधल्या वर्षांत दुर्पतानं वाचन आपल्या आपण चालू ठेवलं होतं. किराण्याच्या पुड्यांचे कागद, बसच्या पाट्या, शाळेची भिंत, जे सापडेल ते. शाळेला एकदा वाचनपेटी आली. मास्तरांनी कुलूप लावून ठेवली, पुस्तकं मळतील म्हणून. दुर्पतानं किल्ली मागून घेतली. दुपारी भांडी घासून झाली की ती पेटी उघडायची आणि मोठ्यानं वाचायची. मी तिच्या मांडीवर. एक जाड पुस्तक आफ्रिकेवरचं होतं. ते वाचायला तिला एक उन्हाळा आणि एक पावसाळा लागला.

त्यातलं मी ऐकलेलं सांगते. नकाशावर ज्याची लाल रेघ होती तो स्टॅनले साहेब पूर्वेच्या किनाऱ्यावरून निघाला तेव्हा त्याच्यासोबत दोनशेच्या वर माणसं होती. ओझी त्यांच्या डोक्यावर, वल्ही त्यांच्या हातात. काठच्या गावांनी अडवलं तर बंदुका चालल्या. तो १८७७ साली काँगोच्या मुखाशी पोचला तेव्हा सोबतची जेमतेम निम्मी माणसं उरली होती. मी इतकी वर्षं त्या रेघेवरून फिरले. मला वाटायचं तो एकटाच चालत गेला.

मग बेल्जियमच्या राजानं तो अख्खा मुलूख स्वतःच्या नावावर करून घेतला. स्वतःच्या देशाच्या पंचाहत्तर पट मुलूख, आणि सातबारा एकाच्या नावानं! नदी सापडली होती, आता तिच्यातून आगबोटी शिरल्या. जंगलात रबराच्या वेली होत्या. गावागावाला ठरवून दिलं, इतकं रबर आणायचं. नाही भरलं की चाबूक. तो चाबूक पाणघोड्याच्या कातड्याचा असे, त्याचं चित्र पुस्तकात होतं. सरळ, लांब, गुळगुळीत. मी त्याच्याकडं पाहिलं आणि मला माझंच कूळ दिसलं.

चाबकानं भागलं नाही की शिपायांना गोळ्या मिळत. एकही गोळी फुकट घालवली नाही हे दाखवायला त्यांनी हात तोडून आणायचे. माणसाचा उजवा हात. मेलेल्याचा, आणि कमी पडले तर जिवंताचा.

दुर्पता इथं थांबली. तिनं पुस्तक उलटं ठेवलं आणि आपले हात पाहिले. बिडीच्या तेंदूपानाच्या हंगामात हेच हात सत्तर पानांचा पुडा बांधत आले होते, चाळीस वर्षं. फडीवर, म्हणजे पुडे मोजून घेतात त्या जागी, ठेकेदाराचा मुन्शी वाईट म्हणून पुडा बाजूला फेकतो तेव्हा त्याची मजुरी बुडते, ते तिला ठाऊक होतं. त्या दिवशी ती खिचडीत मीठ घालायला विसरली. पोरांनी बोंब मारली तर म्हणाली, "खा गुमान. हात हायेत ना खायाले?"

पोरांना काही कळलं नाही.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. शाळेला रंगरंगोटीसाठी पैसे आले. भिंती बोलक्या करायच्या ठरल्या. म्हणजे भिंतींवर पाढे, फुलांची नावं, राज्यांच्या राजधान्या, सामान्य ज्ञान. मुख्याध्यापक चंद्रकुमार सर तरुण, कामाचे. गोंदियाहून रोशन पेंटर आणला. स्वयंपाकखोलीसमोरची भिंत निवडली 'शोध आणि शोधक' यासाठी.

दुर्पता तांदूळ निवडत होती. "काय लिवून रायला गा?"

"जीके है, आजी. कोनी काय शोधलं."

"वाच."

रोशन हातातल्या कागदावरून वाचत गेला. अमेरिका, कोलंबस. व्हिक्टोरिया धबधबा, लिव्हिंगस्टन. काँगो नदी, स्टॅनले.

दुर्पता उठली. मला टेकत भिंतीपाशी गेली. पेन्सिलीनं आखलेल्या त्या तिसऱ्या ओळीवर तिनं आपला पंजा ठेवला.

"आजी, हात काढ ना. रंग लागन."

"लागू दे."

"अरे, सर मला बोलतील!"

"तुले बोलतीन. मले तर मारून झालं."

रोशन पुढची ओळ रंगवायला लागला. ती रंगवली, त्याच्या पुढची रंगवली. दुर्पता हलेना. खिचडीला उशीर झाला. पोरं ताटल्या वाजवायला लागली. चंद्रकुमार सर बाहेर आले.

"दुर्पताबाई, हे काय लावलंय?"

"ही ओळ खोटी हाये, सर."

"पुस्तकात आहे."

"मीबी पुस्तकातच वाचलं. तुमच्याच पेटीतलं. तुमी वाचलं काय?"

सरांनी वाचलं नव्हतं. त्यांनी ते कबूल केलं, हे त्यांच्या नावावर जमा. मग ते म्हणाले, "बाई, तुमचं खरं असेल. पण तालुक्याच्या सामान्य ज्ञान परीक्षेत हेच विचारतात. पहिल्या नंबराला सायकल आहे. तुमची खुशी यंदा बसतेय ना?"

खुशी म्हणजे दुर्पताची नात, सातवीतली. तीही ताटली घेऊन उभी होती. तिच्या तोंडाचं पाणी पळालं. आठवीपासून हायस्कूल, आणि ते सहा किलोमीटरवर. सायकल मिळाली तर सायकल, नाहीतर पायी.

"आजी वो," ती म्हणाली, "काऊन असं करतेस? तू मले पायी चालवशीन!"

खरं सांगते, मला वाटलं आता हात निघेल. माराला न हटलेला हात नातीच्या शब्दानं हटतो, हे मी पाहिलंय.

दुर्पता म्हणाली, "तू पेपरात जे लिवायचं ते लिव, माय. सायकल घे. पेपर तालुक्याचा हाये. भित गावची हाये. गावच्या भितीवर मी हे लिवू देत नाही."

"मग काय लिहायचं?" सर वैतागून म्हणाले. "तुम्हीच लिहा!"

"लिवतो ना. मांग कायले सरू?"

बोलून तर गेली. ब्रश तिनं कधी हातात धरला नव्हता. सही करताना ओळ उतरणीला लागायची तिची. रोशननं तिच्या हातात ब्रश दिला आणि पहिलीच रेघ नागमोडी गेली. पोरं खी खी करायला लागली. रोशन म्हणाला, "आजी, ऐसे नहीं होता. ती काठी दे." पेंटर लोक ओल्या रंगाला हात लागू नये म्हणून भिंतीवर काठी तिरपी टेकवतात आणि मनगट तिच्यावर ठेवून लिहितात. त्यानं माझं टोक भिंतीला लावलं, दुसरं टोक तिच्या डाव्या हातात दिलं, आणि तिचं उजवं मनगट माझ्यावर ठेवलं.

या मनगटाच्या चार बोटं पुढं मी पाच वेळा पडले होते. आता त्याचं सगळं वजन माझ्यावर होतं. मी हलले नाही. हललेच असते तर त्याच क्षणी मोडून पडायला हवं होतं मी.

तिनं लिहिलं. वेळ लागला. खिचडी पोरांनी वाढून घेतली.

'काँगो नदी कोणी शोधली नाही. ती होती आणि तिच्या काठी लोक होते. स्टॅनले साहेब १८७७ मधे तिच्या मुखाशी पोचला. मागून राजाची माणसं आली. त्यांनी रबरासाठी लोकांचे हात तोडले.'

सर शेवटच्या ओळीपाशी पुढं झाले. "बाई, एवढं पुसा. लहान मुलं वाचतात हे."

"लहान पोराईचेबी तोडले, सर."

सर मागं सरले. रोशननं डब्याचं झाकण लावलं. तेवढ्या भिंतीवरची अक्षरं वाकडी आहेत, 'तोडले' मधला 'ड' तर 'इ'सारखा दिसतो. रोशन म्हणाला, मी नीट करून देतो. ती म्हणाली, राहू दे.

नंतर गावात बडबड झाली. पुष्पाबाई किराणावाली म्हणाली, "दुर्पताले कायची पडली आफ्रिकेची? इथं नळाले पानी नाही." दुर्पता म्हणाली, "नळाचं बी लिवतो. भित द्या." पुष्पाबाईनं आपल्या दुकानाची दिली नाही.

जानेवारीत परीक्षा झाली. खुशी पेपर देऊन घरी आली. चुलीपाशी बसली, भात कालवला आणि खाल्ला नाही.

"काय झालं? आला काय तो सवाल?"

"आला."

"मंग?"

चार पर्याय होते आणि चारही साहेब होते. खुशीनं एकालाही खूण केली नव्हती. बाजूला लिहून आली होती, 'कोणी नाही'.

दुर्पता भडकली. असली भडकली की मला वाटलं, साठ वर्षांनी परत मी हातावर पडते. "येडी हायेस काय? मी तुले पेपरात लिवाले सांगतलं होतं? मी म्हनलं नोहतं, सायकल घे म्हनून?"

"तू नाही सांगतलं," खुशी म्हणाली. "मी रोज तिथं बसून जेवतो ना, आजी. वाचून वाचून मले दुसरं लिवताच नाही आलं."

दुर्पता उठली. मला भिंतीला टेकवून ठेवलं आणि बाहेर जाऊन उगाच अंगण झाडलं. सकाळीच झाडलेलं होतं.

खुशी तालुक्यात दुसरी आली. जीवनसत्त्वाचाही एक प्रश्न चुकला होता, तेव्हा सगळा भार नदीवर टाकता येत नाही. दुसऱ्या नंबराला पाण्याची बाटली आणि प्रमाणपत्र. चंद्रकुमार सरांनी परीक्षा घेणाऱ्यांना अर्ज दिलाय की हा प्रश्नच चूक आहे, सोबत पुस्तकाची पानं झेरॉक्स करून जोडलीत. उत्तर आलेलं नाही. सरांनी दुसरा अर्ज दिला. आता तिसरा लिहिताहेत. माणूस चिकट निघाला.

आणि मी? जूनपासून रोज सकाळी दुर्पता, खुशी आणि मी हायस्कूलच्या रस्त्याला असतो. नातीला सोडून आजी परत येते आणि खिचडी टाकते. गुडघे दुखतात तिचे. म्हणून मी खाली, तिचं वजन माझ्यावर. रस्त्यात कोणी हटकतं, "कुटी चालली वो, दुर्पता?" ती म्हणते, "शारेत." राहिलेली शाळा आहे तिची, साठ वर्षांपूर्वीची. बारा किलोमीटर येऊन-जाऊन. सायकल घेणार आहे ती, तेंदूच्या हंगामावर. तोवर पायी.

मला एकच मागायचंय. माझ्यासारख्या छड्या अजून पुष्कळ घरांत, पुष्कळ कपाटांवर आहेत, आणि नकाशांवर लाल रेघाही आहेत. पोरानं रेघेकडं बोट करून काही विचारलं तर त्याला पुरं बोलू द्या. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा. त्यानं कोणाचा कान लाल होत नाही. आणि आमच्या शाळेची ती भिंत पांढरी करायला कोणी निघालंच, तर सरळ दुर्पताला येऊन सांगा. पंजा ठेवायला ती येईल, आणि तिला टेकायला मी असेन.

चला, निघायला हवं. हायस्कूलची घंटा दहा चाळीसला होते, आणि मधे नाला आहे.